पाहुण्यांची गाडी

प्रीतीने आधीची दोन स्थळं परत पाठवली होती, म्हणून मंठ्यातल्या नातेवाइकांनी तिला नखरेल ठरवून टाकलं होतं. तिचा नखरा खरं तर एकच होता. पहिल्याने पगार फुगवून सांगितला होता, दुसऱ्याने शिक्षण. भाऊ सुमितला ती म्हणाली होती, "दादा, पोरगा गरीब असला तरी चालंल. खोटं बोलणारा नको."

सुमित जालन्याला इलेक्ट्रिक गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीचं काम करायचा. टेंभुर्णीच्या आर्यनचं स्थळ त्यानेच आणलं.

पाहण्याच्या दिवशी पाहुणे आले ते मोतिया रंगाच्या नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक एसयूव्हीतून. आवाज म्हणून नाही! गल्लीतली पोरं आधी धावली, मग पोरांना हाकलायच्या निमित्ताने त्यांचे बापही. एका चार्जिंगमध्ये किती जाते, पडद्यावर काय काय दिसतं, सगळी चौकशी झाली. पोरगा कसा आहे, हे विचारायचं मात्र सारेच विसरले.

प्रीतीच्या वडिलांशी, अण्णांशी जयभीम झाला, चहापाणी झालं. घरात माणसं मावेनात, तेव्हा सुमितच म्हणाला, "दोघांला बोलायचं ना, मंग गाडीत बसा की. एसी हाय."

प्रीती बसली. दार लागलं आणि बाहेरचा गलका बंद झाला. डोक्यावर सगळी काच, पाठीला सीटमधून गार वारा. शाळेत शिकवायला जाताना रोज एसटीच्या खिडकीशी धूळ खाणाऱ्या बाईला हे आवडू नये, एवढी काही ती विरक्त नव्हती.

"गाडी तुमचीच का?" तिने विचारलं.

"हो. मागच्याच महिन्यात घेतली." मग जरा थांबून तो म्हणाला, "लग्नानंतर एम.एड. सोडू नका. तुम्ही अभ्यासाला बसलात की चहा मी करीन."

प्रीती विरघळली. संध्याकाळी तिने होकार दिला. माणसाला दिला की गाडीला, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

आठवडाभराने तिच्या शाळेतल्या मोनाली मॅडमना तीच गाडी घ्यायची हुक्की आली. सुमितला चकित करावं म्हणून दोघी न सांगता शोरूममध्ये गेल्या. तो बाहेर गेला होता. दुसऱ्याच एका पोराने टेस्ट ड्राइव्हची गाडी काढली. मोतिया रंगाची. मोनाली पुढे बसली, प्रीती मागे.

"मॅडम, ही गाडी लई शुभ हाय बरं," तो रंगात येऊन सांगू लागला. "आमच्या सुमित सरांची बहीण कोणत्याच पोराला हो म्हणत न्हवती. मंग सरांनी पाहुण्यांना हीच गाडी नेऊन दिल्ती. गाडीत बसली अन् पोरगी राजी! तवापासून मी हरेक गिऱ्हाइकाला सांगून राह्यलो."

मोनाली हसली. आरशात प्रीतीचा चेहरा दिसला तशी तिने गाडी परत घ्यायला सांगितली.

परत आल्या तर सुमित दारातच उभा होता.

"गाडी तू दिल्ती?" प्रीतीने विचारलं.

"अगं, पोरगा बिलकुल चांगला हाय. पण आला असता जुन्या मोटारसायकलवर. अण्णा म्हणले, लोकांसमोर जरा बरं दिसावं."

"अन् लग्नानंतर?"

"विकली म्हणून सांगितलं असतं."

"एम.एड.चं कुणी शिकवलं त्याला?"

सुमितने मान खाली घातली. "मीच. तुला काय आवडतं ते मला म्हाईत हाय ना."

आर्यन परका, परक्याच्या लबाडीला माणूस तयार असतो. पण मनातलं सगळं तिने सुमितजवळ बोलावं आणि त्यानेच केसाने गळा कापावा? कुंपणच शेत खातं म्हणतात ते काही उगीच नाही.

ती एकटीच बसस्टँडवर आली. तेवढ्यात आईचा फोन. "बाई, पाहुणे साखरपुड्याची तारीख मागून राह्यले."

"आई, गाडीचं तुला म्हाईत होतं?"

पलीकडून आई हळूच म्हणाली, "साऱ्यांलाच म्हाईत होतं. तुझ्याच भल्यासाठी केलं, बाई."

प्रीतीला भर स्टँडवर रडू फुटलं. ज्यांच्या भरवशावर ती लग्नाच्या पोरांची परीक्षा घेत होती, तेच सगळे मिळून तिला फसवत होते.

"मंग साऱ्यांलाच सांग," ती म्हणाली, "प्रीती न्हाई म्हणाली. अन् पुढचा पोरगा मी एकटी बघीन. तुमच्यातलं कुणी सोबत नको."