दुसरी घंटा वाजेल ना?

घाबरू नका मित्रांनो, इकडे वर बघा! तुळईला टांगलेली मीच बोलते आहे. मी पनवेलच्या एका लहानशा चर्चची जुनी काशाची घंटा आहे. मुंबईच्या भट्टीत मला ओतलं, पडावात घालून इथल्या बंदरात उतरवलं आणि मला वर चढवताना सहा माणसं घामाघूम झाली. वजनदार आहेच मी!

माझं काम सोपं. रविवारी पहिली घंटा झाली की घराघरांत आवरायला लागायचं. तासाभराने दुसरी, म्हणजे उपासना सुरू. दोन्ही वेळा भरभर, न थांबता वाजायचं. पण मंडळीतलं कोणी प्रभूमध्ये झोपी गेलं, म्हणजे वारलं, तर एकच टोला, मग दहा अंक मोजावेत इतकी शांतता, मग पुन्हा एक टोला. तो ऐकला की लोक हातातलं काम टाकून धावत येतात.

वीस वर्षं सोनाबाईंनी माझी दोरी ओढली. सण आला की त्या मला चिंचेने घासून घ्यायच्या. "काय खणखणीत आवाज आहे हो!" असं पाहुणे म्हणाले की मी आतून फुलून जायचे. मग एकोणीसशे त्रेपन्न साली सोनाबाईंचे खांदे आखडले. हात डोक्याच्या वर जाईना. दोन रविवार मी मुकी! घड्याळं होती कुणाकडे? कोणी अर्ध्या उपासनेत यायचं, कोणी यायचंच नाही.

"दोरी कोण धरेल?" उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी विचारलं. सगळे एकदम आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागले. शेवटी मंडळीच्या पंचांनी ठरवलं, येत्या रविवारी दोन्ही घंटा वाजल्या तर ठीक, नाहीतर ही घंटा उतरवून दुसऱ्या गावच्या मंडळीला देऊन टाकू.

शनिवारी मंडळीतली चंद्रावती चर्च झाडत होती. ती नेहमी सगळ्यांत मागे बसायची आणि कोणी काही विचारलं की पदराआड हसायची. सोनाबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चंद्रे, उद्या दोरी तू धर."

"मी? नको गो मावशी! माझं चुकलं तर?"

"बाळंतिणीच्या उशाशी बसतेस, तिथे बरं चुकत नाही ते!"

"तिथे कोण बघतं मला?"

"मग इथे तरी कोण बघणार? घंटा ऐकतात बाई, बघत नाहीत."

चंद्रावती हो म्हणाली खरी, पण केरसुणी उलटी धरूनच निघून गेली. मला झोप कसली येते!

रविवारी तिने दोरी ओढली. मी दणकन वाजले. माझ्या आवाजाने तीच दचकली आणि तिने दोरी सोडून दिली! तिने डोळे मिटून प्रार्थना केली आणि पुन्हा ओढलं. पुन्हा सोडलं, पुन्हा प्रार्थना. "भरभर ग बाई, भरभर!" मी मनात ओरडत होते. पण ओढणाऱ्याने ओढावं तसंच मला बोलता येतं ना!

झालं. पाळकसाहेब तीन-चार दिवस तापाने आजारी होते, ते सगळ्यांना ठाऊक. बायका पिठाच्या हातांनी रडत आल्या. "आमचे पाळकसाहेब गेले हो!" तेवढ्यात आवारातल्या आपल्या घराचं दार उघडून पाळकसाहेबच बाहेर आले, अर्ध्या गालाला दाढीचा साबण तसाच.

"अरे देवा, कोण गेलं?"

चपला हातात घेऊन धावत आलेला शेजारच्या विचुंबे गावचा जगन म्हणाला, "सायेब, तुमीच गेलात ना! आमी वाटभर रडत आलो, त्याचं आता काय करायचं?"

आवारात हसण्याचा स्फोट झाला. पण चंद्रावती पायरीवर तोंड झाकून बसली. "मी सांगितलंच होतं. मला नाही जमत. पुन्हा हात लावायची नाही मी."

दुसऱ्या घंटेला थोडाच वेळ उरला होता. सोनाबाईंनी स्वतःच दोरीकडे हात नेला. तो कानापर्यंत गेला आणि खाली आला. मग त्या पायरीवर टेकल्या.

"मी तर एकदा बुधवारीच रविवारची घंटा वाजवली होती. अख्खी मंडळी नटूनथटून हजर!"

"काहीतरीच!"

"विचार कोणालाही."

पाळकसाहेब साबण पुसत आले. "बाई, रविवारी इतक्या लवकर एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. पण लांबची मंडळी अजून रडत येत असतील. मी जिवंत आहे, हे तुम्हीच कळवा त्यांना."

चंद्रावती उठली. जगन तिच्या मागे उभा राहिला. "थांबायचं नाय हां, आमी 'ओढ' म्हणत राहतो."

"ओढ! ओढ! ओढ!" सगळेच ओरडायला लागले, आणि मी वाजले! अशी वाजले की वेशीपाशी रडत येणाऱ्या दोन म्हाताऱ्या डोळे पुसून हसायला लागल्या. "आता पुरे!" म्हणायला पंचांनाच पुढे यावं लागलं, आणि मला उतरवायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, मला घासा, माझी दोरी कुजली का ते बघा, हे तर कराच. पण देवाच्या सेवेला कोणी पहिल्यांदा हात लावला आणि चुकलं, तर खुशाल हसा. हसून झालं की मात्र दोरी त्याच्याच हातात परत द्या.