सेलिनाचं जाकीट

“अजून नको,” बुर्गी म्हणाली. “तुझ्यापुढे सहाजणी आहेत. अंगातली ऊब अंगात राहू दे.”

सेलिनाने जाकिटाच्या चेनवरचा हात काढून घेतला. पंधरा वर्षांची घोडी झाली, तरी जाकीट कधी काढायचं हे आईच ठरवणार, याचं तिला काही वाटत नसे. आमच्या क्लबातल्या कुठल्याच मुलीला वाटत नसे. दोघीजणी पुढे उरल्या की जाकीट आणि वरची पँट उतरवायची, त्याआधी नाही, हा बुर्गीचा नियम होता. त्याच्यापुढे ट्रेनर एगॉनचंही काही चालत नसे. एगॉन तसा सगळ्याच बाबतींत बोलतो, पण बुर्गीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं तरी तो बूट घट्ट करायला वाकतो.

मी स्टार्टवाला. उताराच्या माथ्यावर जिथून स्कीची शर्यत सुटते, त्या खोपटीच्या दारात उभं राहायचं, खालून वॉकीटॉकीवर ‘सोड’ म्हणाले की पोरीच्या खांद्यावर हात ठेवून आकडे मोजायचे आणि सोडायचं, एवढंच माझं काम. गुडघे गेल्यावर क्लबाने माणसाला देण्यासारखं हेच एक काम उरतं. पण त्यामुळे बुर्गीला माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. बाकीचे आईबाप खाली असतात, जिथे चहा मिळतो, निकालाची मोठी पाटी असते आणि आपलं पोर शेवटची उडी मारून रेषेपलीकडे जाताना दिसतं. बुर्गी वर असते. पोरी एकेक करून सुटतात, त्यांची जाकिटं नि पँटी मागे बर्फात पडतात. बुर्गी ती उचलते, झटकते, घडी घालून मोठ्या सॅकमध्ये भरते आणि सॅक पाठीवर टाकून कडेकडेने स्की करत खाली नेते. घडी घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, हॉटेलच्या धोबीखान्यात जन्म गेला तिचा. शनिवारी पाहुणे बदलतात तेव्हा ती दिवसभर चादरी काढते आणि रविवारी इथे येते. नवरा किलियान रात्रभर यंत्र फिरवून हाच उतार सारखा करतो आणि शर्यतीच्या वेळी घरी घोरत असतो.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली होती. सेलिना सात वर्षांची असल्यापासून शर्यतीत उतरते, पण तिला शेवटची रेषा ओलांडताना बुर्गीने एकदाही पाहिलं नव्हतं. ती सॅक घेऊन खाली पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. निकाल तिला पोरीच्या चेहऱ्यावरून कळायचा.

त्या रविवारी वारा होता. ऊन होतं, पण ते पाहण्यापुरतं. या शर्यतीत पहिल्या पाचांत येणाऱ्या मुली राज्याच्या संघात जाणार होत्या. सेलिनाचं हे मुलांच्या गटातलं शेवटचं वर्ष. आली तर आली, नाही तर स्की फक्त रविवारची मजा म्हणून. हे तिला माहीत होतं, आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं, आणि म्हणूनच सकाळपासून कुणी त्याचं नाव काढत नव्हतं.

सेलिनाने काढलं. बुर्गी तिच्या मांड्या चोळत होती, तेव्हा ती म्हणाली, “आई, आज तू खाली जा ना.”

“आणि जाकिटं?”

“आत्ताच घेऊन जा. संघात गेले तर तिथे जाकिटं न्यायला त्यांची माणसं असतात, तुला स्टार्टपाशी उभं करणार नाहीत. नाही गेले तर संपलंच सगळं. म्हणजे काहीही झालं तरी आज शेवटचं. एकदा तरी मला खाली येताना बघ.”

 बुर्गीने माझ्याकडे पाहिलं. मी कोण सांगणार? शर्यत झरझर चालली होती, पोरी एकामागून एक सुटत होत्या. एगॉन म्हणाला, जा गं, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, मी यांना नाचवत ठेवतो. खरं सांगायचं तर मलाही वाटलं की तिने जावं. इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. आजही मागितलं नव्हतं, पोरीने मागितलं होतं.

सेलिनापुढे पाचजणी असताना बुर्गीने पोरीची आणि आमच्या क्लबातल्या धाकट्या मीरियमची जाकिटं नि पँटी उतरवून भरली, सॅक पाठीवर टाकली आणि निघाली. जाताना तिने पोरीच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं. नशिबाने साथ द्यावी म्हणून हे ती दरवेळी करते.

ती झाडांआड गेली आणि त्यानंतर सुटलेली दुसरीच मुलगी पडली. मधल्या उंचवट्याखाली, कडेच्या जाळीत. वॉकीटॉकीवर आवाज आला, ‘थांबव.’ मी खोपटीच्या दारात काठी आडवी धरली.

पडलेल्या मुलीचं फार काही झालं नव्हतं, पण घोट्याचा प्रश्न, म्हणून बर्फावरची स्ट्रेचर आली, माणसं आली, जाळी पुन्हा बांधायची झाली. अशा गोष्टीला लागायचा तो वेळ लागतोच. इकडे आमच्या दोघी अंगाला चिकटलेल्या पातळ सूटमध्ये उभ्या होत्या. त्या सूटमधून वारा असा जातो की अंगावर काही नसलेलं बरं. दुसऱ्या क्लबांच्या मुली आपापल्या जाकिटांत पुन्हा शिरल्या. एगॉनने या दोघींना उड्या मारायला लावल्या, पाठीवर थापट्या दिल्या. मी माझा कोट मीरियमला दिला, कारण तिचे ओठ आधी निळे झाले. एगॉनने आपलं जाकीट काढलं तेव्हा सेलिना म्हणाली, “ठेव ते, तू आजारी पडलास तर सगळ्या क्लबाला ऐकवशील.” दात वाजत होते तरी जीभ चालत होती.

शेवटी पलीकडच्या खोऱ्यातल्या एका मुलीचा बाप पुढे आला, तो त्यांच्या क्लबाच्या मदतीला वर थांबला होता. त्याची मुलगी आधीच खाली जाऊन पहिली होती. सेलिना मागे पडली तर त्याचं बरंच होतं. त्याने न बोलता आपला जाड हिरवा कोट सेलिनाच्या अंगावर टाकला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि स्वेटरवर उभा राहिला. आमच्या दोन खोऱ्यांचं आजोबांच्या काळापासून पटत नाही. त्याच्याबद्दल मीही पूर्वी बरंवाईट बोललो आहे. त्या दिवसापासून बोलत नाही.

खाली लाउडस्पीकरवर शर्यत थांबल्याचं सांगितलं, तेव्हा बुर्गी नुकती पोचली होती. तिला कुणीतरी थांब म्हणालं, आता सुरू होईल, जागा धरून ठेव. ती तशीच वळली आणि लिफ्टच्या रांगेत घुसली. आमची लिफ्ट जुनी, दोन माणसांची खुर्ची, चालते ती बैलगाडीसारखी. ती उतारावरूनच जाते, पण शर्यतीची घाई तिला माहीत नाही.

‘तयार व्हा,’ असं वॉकीटॉकीवर आलं तेव्हा मला दूरवर ती दिसली. खुर्चीत एकटी, सॅक मांडीवर, दोन्ही हातांनी कवटाळलेली. मी सेलिनाला म्हटलं, “तुझी आई वर येते आहे.”

सेलिनाने कोट उतरवून माझ्या हातात दिला आणि लिफ्टकडे पाहिलं. आईला पोचायला अजून बराच वेळ होता. आधीची मुलगी सुटली, आता हिचाच नंबर.

“काय बाई आहे,” ती म्हणाली. मग स्की खोपटीत लावत म्हणाली, “तिला सांग, निदान वरून तरी बघ.”

मी खांद्यावर हात ठेवला. खांदा लाकडासारखा होता. मी आकडे मोजले, ती सुटली.

बर्फात काठ्या रोवून केलेली पहिली पाच गेट स्टार्टवरून दिसतात, मग उतार वळतो. चौथं गेट सगळ्यांत अवघड, तिथे बर्फ घट्ट आणि वळण आखूड. सकाळपासून निम्म्या पोरी तिथे उशिरा वळल्या होत्या. सेलिना तिथे अशी वळली की मी काठी हातात धरून नुसता पाहत राहिलो. पोरीने त्या दिवशी ते गेट सर्वांत सुंदर काढलं. बुर्गीची खुर्ची तेव्हा बरोबर त्याच्या वर होती. ती खुर्चीत मागे वळून पाहत राहिली, मग झाडं आली.

बुर्गी वर पोचली तोवर मीरियमही सुटली होती.

“गेली?”

“गेली.”

“चौथं पाहिलंस?” तिने विचारलं. “कसं काढलं तिने.”

मी पाहिलं म्हणालो. पोरीचा निरोपही सांगितला. तेवढ्यात वॉकीटॉकीवर सेलिनाची वेळ आली. सहावी. पाचवीच्या मागे अगदी थोडक्यात. बुर्गीने ऐकलं आणि सॅक खाली ठेवली. मग ती एकदम म्हणाली, “मी नियम मोडला, फेर्डल. पाय गारठले तिचे. खालचा अर्धा उतार पायांचाच असतो.”

 तसं नाही म्हणावं, तर मघाशी पोरीचा तो लाकडासारखा गार खांदा माझ्या हाताला लागला होता. तिने माझ्या हातातला हिरवा कोट घेतला, त्यावरचा बर्फ झटकला आणि हॉटेलातल्या टॉवेलसारखी त्याची नेटकी घडी केली.

लहान मुलांची शर्यत दुपारी होती, म्हणून मधल्या वेळात मीही खाली गेलो. सूपच्या टपरीमागे सेलिना बाकावर बसली होती. अंगावर जाकीट होतं आता, बुर्गीने आणून चढवलेलं. रडून झालं असावं, डोळे लाल होते. बुर्गी तिच्यासमोर उभी, हातात सूपची वाटी, ती तिला द्यायलाही विसरली होती.

“माझ्यामुळे झालं,” बुर्गी म्हणाली.

“तुझ्यामुळे कसं?” सेलिना म्हणाली. “त्या माणसाचा कोट होता की अंगावर. पाय चांगले गरम होते. चौथ्या गेटला चुकले मी, उशिरा वळले. तिथेच गेलं.”

मी माझ्या वाटीतलं सूप ढवळत राहिलो. आता बुर्गी काय म्हणते याची मला धास्ती वाटली. 

“हो,” बुर्गी म्हणाली. “मी पाहिलं वरून. जरा उशीरच झाला तिथे.”

“बघ ना,” सेलिना म्हणाली आणि तिने आईच्या हातून सूप घेतलं.

दोघी एकाच बाकावर बसून ते गार झालेलं सूप प्यायल्या. मग बुर्गी हिरवा कोट परत करायला गेली. तो माणूस नको नको म्हणत असताना तिने त्याचा हात धरून दोनदा हलवला.

दुपारी लिफ्टने मी वर निघालो तर पुढच्या खुर्चीत दोघी होत्या. बुर्गीच्या मांडीवर तिची सॅक, सेलिनाच्या मांडीवर क्लबाची जुनी, शिवण उसवलेली. लहान मुलांचा घोळका मोठा असतो, जाकिटं पुष्कळ असतात. चौथ्या गेटवरून जाताना त्या दोघी काहीतरी बोलत होत्या. खाली त्या गेटकडे मात्र दोघींपैकी कुणीच पाहिलं नाही.