वीस मिनिटं हायड्रोजन

नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे. धाकटीचे नव्वद झाले तरी सरेनात. हायड्रोजन हुंगायला देणाऱ्या सेंटरवर कामाला लागल्यापासून तिला प्रत्येक दुखण्यावर तोच वायू दिसायचा. थोरल्या बहिणीची फुप्फुसं तीन वर्षांपूर्वीच थकली होती आणि ऑक्सिजनच्या यंत्राची नळी दिवसरात्र तिच्या नाकात असे. आज भावोजी कामावर जाताच धाकटीने सेंटरचं यंत्र आणून पलंगाशी मांडलं, ऑक्सिजन बंद केला आणि आपली नळी लावली.

"वीसच मिनिटं, ताई. चालायला लागशील बघ."

"तू म्हणतेस तर," थोरली म्हणाली.

थोरलीच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरच्या चिमट्यात रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा होता ब्याण्णव. पाच मिनिटांत तो सत्त्याऐंशी झाला. धाकटी घाबरली नाही. सेंटरवर येणारे सगळे धडधाकट. आकडा घसरलाच तर कुणाचं बोट गार असायचं, कुणाच्या नखांना रंग. बोटाकडे बघायचं, हेच तिला शिकवलेलं. तिने थोरलीचं बोट चोळलं. त्र्याऐंशी. चिमटा दुसऱ्या बोटाला लावला. एक्क्याऐंशी. मग कापसाने नखं पुसली. त्यांना रंग कधी नव्हताच, पण शिकवलेलं डोक्यात घट्ट बसलं की डोळ्यांचं कोण ऐकतो?

"हात किती गार पडलेत गं तुझे."

थोरली नुसती हसली.

अठ्ठ्याहत्तर. तेव्हा कुठे धाकटीने मान वर केली. बहिणीचे ओठ जांभळे पडले होते आणि प्रत्येक श्वासाला खांदे उचलले जात होते. तिने हायड्रोजनची नळी ओढून काढली आणि ऑक्सिजनचं बटण दाबलं. नळी नाकाशी बसवताना दोनदा निसटली. मग जीव मुठीत धरून ती बसून राहिली, आकड्याकडे न बघता, तोंडाकडे बघत.

ओठांवर रंग यायला चार मिनिटं लागली. धाकटीला रडू आवरेना.

"बोलली का नाहीस, ताई? दम लागलेला कळत नव्हता?"

"लगेच कळला," थोरली थांबत थांबत म्हणाली. "पण तीन वर्षं सगळे मला 'जप' म्हणतात. 'बरी होशील' म्हणणारी तू एकटीच. तुला खोटं पाडवेना गं."