पलीकडचा काठ

स्टालिनग्राडवर विमानं आग ओकून गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी झिनाइदा सासूला घेऊन व्होल्गाच्या धक्क्यावर आली. पाण्यावर सांडलेलं तेल अजून जळत होतं. पलीकडे नेणाऱ्या बोटीत माणसं एकमेकांच्या अंगावर चढत होती. आणि नेमकी तेव्हाच म्हातारी उस्तिन्या बोचक्यावर बसकण मारून मोकळी झाली.

"मी नाही येत. माझा येफिम रणावरून आला आणि घरात आई-बायको कुणीच नसलं तर?"

"आई, घर तरी कुठं उरलंय?"

"तळघर आहे. तू जा. मला शहाणपण शिकवू नकोस."

झिनाइदानं तिला दंडाला धरून ओढलं, हातापाया पडली. खलाशी खेकसला, "बायांनो, भांडण पलीकडं जाऊन करा!" शेवटी तिचा तोल सुटला.

"मरा मग इथंच!"

ती बोटीत चढली. मागं वळूनही पाहिलं नाही.

हिवाळाभर ती पलीकडच्या गावात, इस्पितळात, रक्ताळलेल्या पट्ट्या धुवत राहिली. समोर शहर एकेका जिन्यासाठी झुंजत होतं. शेवटी वेढा घालणारेच वेढले गेले, त्यांनी शस्त्रं टाकली. युद्धाचं पारडं फिरलं म्हणून लोक रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडले. तीही पडली.

बर्फ वितळायच्या आत ती परतली. ढिगाऱ्याखालून शेजारीण मार्फा वर आली, ओळखू न येण्याइतकी वाळलेली.

"आई कुठंय?"

"गेली गं. जखमी शिपाई पोरांना पाणी आणायला बादली घेऊन नदीवर जायची. आम्ही ओरडायचो, तर म्हणे, 'या हाडांवर कोण गोळी वाया घालवतंय?' एक दिवस आलीच नाही."

"माझ्याविषयी बोलायची?"

"बोलायची की! 'सून तोंडाची फटकळ, पण माझ्याहून शहाणी. गेली ते बरं झालं.'"

म्हातारीनं शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या, असं झिनाइदाला वाटलं.

उन्हाळ्यात येफिम आला. कोटाची एक बाही रिकामी होती. आईचं कळल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"तिला ओढून न्यायचं होतंस."

"ओढलं रे."

"शेवटचं काय बोलणं झालं तुमचं?"

झिनाइदानं भाकरी कापायला घेतली. "म्हणाली, येफिम येईल, कुणीतरी घरी हवं."

तो रडला. आपण काय म्हणालो, ते तिला त्या दिवशी सांगवलं नाही, पुढंही कधी नाही.

"पण आपण जिंकलो," येफिम डोळे पुसत म्हणाला.

"हो," ती म्हणाली.