फ्रान्सचा डबा आणि लेसिबाचा कान

सन २०१७ च्या ऑगस्ट महिन्यातील शेवटच्या रविवारी, कोरड्या वाऱ्याच्या दुपारी, प्रिटोरियाच्या पूर्वेकडील मामेलोडी वस्तीत, लेसिबा फास्वाने याच्या घराच्या पुढल्या खोलीत, लेसिबाच्याच काठीने त्याच्या सर्वांत जुन्या मित्राचे कपाळ फुटले. कारण संगीताचे होते. संगीताने माणसे मवाळ होतात असे ज्यांना वाटते, त्यांनी मामेलोडीच्या जॅझमंडळात एखादा रविवार काढून पाहावा.

मंडळाचा रिवाज जुना होता. सभासद इस्त्रीचे सूट आणि दुरंगी बूट घालून, आपापल्या तबकड्या पेटीत घेऊन येत. वाजवणे सुरू झाले की बोलणे बंद. ज्याला एखादी लकेर भिडे तो उठे आणि एकटाच नाचे. हात वर करून मत देण्याची पद्धत तिथे नव्हती. मत पायांनी दिले जाई. आणि वाद पडलाच, तर शेवटचा शब्द मंडळाच्या ‘कानाचा’. हा मान कित्येक वर्षे लेसिबाकडे होता, म्हणून मंडळाचे कपाटाएवढे दोन स्पीकरही त्याच्याच घरी राहत. पण लेसिबाची उमर बॉयलरच्या कारखान्यात हातोड्यांच्या घणघणाटात गेली होती, आणि अलीकडे मोकगादीची, म्हणजे त्याच्या बायकोची, स्वयंपाकघरातली पहिली हाक त्याच्यापर्यंत पोहोचेनाशी झाली होती. हे त्याने कोणापाशी बोलून दाखवले नव्हते. कान गेला की त्याच्यापाशी म्हातारपणाखेरीज काहीच उरणार नव्हते.

त्या दुपारी तोच जुना मित्र, फ्रान्स मशीगो, काखेत एक काळा डबा घेऊन आला.

“सीडी प्लेअर तबकडीवरचे आकडे वाचतो, अन् त्यांचा आवाजही तोच बनवतो,” खोलीच्या मधोमध उभा राहून तो म्हणाला. “म्हणजे बैल कापायचाही त्यानेच अन् शिजवायचाही त्यानेच. जमेल का एकट्याला? हा डॅक, आकड्यांचा फक्त आवाज बनवणारा. कापू दे त्याला, शिजवेल हा.”

“अन् खायचं आम्ही,” लेसिबा म्हणाला. “जोड बघू.”

प्लेअरची एक तार थेट अॅम्प्लिफायरला होती ती तशीच ठेवून फ्रान्सने दुसरी वाट डब्यातून काढली. खटका एकीकडे केला की प्लेअर, दुसरीकडे केला की डबा. आधी प्लेअर लावला. दोघे-तिघे उठले, रमतगमत नाचले. मग तीच तबकडी पहिल्यापासून डब्यातून लागली, आणि सगळी खोली उठली. गुडघ्याने अधू असलेला म्हातारा स्कोसानाही भिंतीला धरून पाय टाकू लागला.

लेसिबा बसून राहिला. त्यालाही काहीतरी झाले होते, पण काय ते सांगता येईना. सूर तेच होते, झांज तीच होती, सॅक्सोफोनवाल्याचा श्वासही तिथेच तुटत होता. केवळ सारे एक पाऊल जवळ आले होते. जे नेमके सांगता येत नाही ते ऐकले असे म्हणणे त्याच्या लेखी लबाडी होती.

“काही फरक नाही,” तो म्हणाला.

पाय थांबले. वाजणे चालूच राहिले.

“फरक नाही, की ऐकू येत नाही?” फ्रान्स हसला. “मोकगादी! ह्याला जेवायला हाक मारतेस, की दगड मारतेस?”

खोली हसली. स्कोसानाही हसला, आणि ते लेसिबाला अधिक लागले.

“तोंड आवर, फ्रान्स.”

“कशाला? तुला थोडंच ऐकू जातंय? चला रे, स्पीकर आजच माझ्याकडे नेऊ. बहिऱ्याच्या घरी—”

काठी पितळी मुठीकडून बसली. भुवईच्या वर कातडे फाटले आणि रक्त फ्रान्सच्या पांढऱ्या कॉलरवर उतरले. तो कोसळला नाही. त्याने लेसिबाला कोटासकट उचलून टेबलावर आपटले. टेबल मोडले, बाटल्या फुटल्या, मोगोदूचे पातेले कलंडून गरम आतडी जमिनीवर पसरली. काचांवरून दोघे लोळले. लेसिबाने गुडघा पोटात घातला. फ्रान्सने उघडा पंजा त्याच्या डाव्या कानावर हाणला.

कानाच्या आत काहीतरी टरकन फाटले. ऊन धार मानेवर ओघळली आणि अर्धे जग गप्प झाले.

फ्रान्स छातीवर बसला होता. त्याचे अंगठे गळ्यात रुतत होते. लोक त्याला ओढत होते आणि तो सुटत नव्हता. लेसिबाचा हात आधार शोधत स्पीकरच्या लाकडावर पडला. लाकूड थरथरत होते. एवढ्यात फ्रान्सला ओढणारा स्कोसाना मागे धडपडला, त्याचे कोपर खटक्यावर बसले, आणि वाट बदलली. डब्याची जागा प्लेअरने घेतली. धून तीच राहिली, पण तळव्याखालची थरथर ओसरली.

गुदमरत्या माणसाला जे कळले ते नाचणाऱ्यांपैकी कोणालाही कळले नव्हते. लेसिबाने फ्रान्सचा अंगठा दातांत धरला आणि हाड लागेपर्यंत चावला. फ्रान्स ओरडून बाजूला झाला.

“भिंतीकडे तोंड करा रे त्याचं!” लेसिबा घोगऱ्या आवाजात म्हणाला. “नाच म्हणावं! डबा लागला की नाच, प्लेअर लागला की उभा राहा.”

“वेडा झालास का? मरशील!” मोकगादी त्याच्या कानाला फडके लावत किंचाळली.

“मग मेल्यावर रड. फ्रान्स, घाबरलास?”

“तुला?” फ्रान्स रक्त थुंकला आणि भिंतीकडे वळला.

लेसिबा एक तळवा लाकडावर ठेवून बसला. डबा लावताना तो आवाज किंचित उतरवी, प्लेअर लावताना किंचित चढवी, हाताला थरथर सारखी लागेपर्यंत. वाट बदलण्यापूर्वी तो दर वेळी आवाज पुरता बंद करी, म्हणजे पाठमोऱ्याला सुगावा लागू नये. दुसरा हात खटका आणि आवाजाचे बटण फिरवी; काठी काखेत होती, आणि ती तो खाली ठेवत नव्हता.

प्लेअर लागला, फ्रान्स नाचला. डबा लागला, फ्रान्स ताठ उभा राहिला. स्कोसानाने तोंडावर हात ठेवला. पुन्हा डबा लागला. फ्रान्सने दुरंगी बूट उचलला, तो तसाच अधांतरी धरला, मान वाकडी करून ऐकले, आणि पाय खाली ठेवला. तो वळला तेव्हा त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्याने त्याने खटका पाहिला, मग लेसिबाचे हात पाहिले, एक स्पीकरच्या लाकडावर, दुसरा आवाजाच्या बटणावर.

तो लंगडत जवळ आला आणि डाव्या बाजूला वाकून काही बोलला. लेसिबाने ओठ हलताना पाहिले. ऐकू काहीच आले नाही.

“त्याचा तो कान गेला, न्ताते फ्रान्स,” मोकगादी म्हणाली. “तूच फोडलास.”

फ्रान्स काचा तुडवत उजव्या बाजूला आला. सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सांगितले:

“डबा मोठ्याने वाजतो. चांगला वाजत नाही. स्पीकर इथेच राहतील.”