गेलेल्यांचा बार

"आबा, मशीन कानात घाला," मृदुलाने गाडीच्या पुढच्या सीटवरून मान वळवून पुन्हा सांगितले.

"घेतलंय ना," उदयसिंहराव म्हणाले आणि त्यांनी सदऱ्याचा खिसा थोपटला.

मशीन खिशात ठेवून ऐकू येते, असे या घरात वर्षभर चालले होते. मृदुलाने कपाळाला हात लावला. रणवीर गाडी चालवत होता आणि रस्त्याकडे बघत होता. वडिलांना चार शब्द सांगायची वेळ आली की तिच्या नवऱ्याला रस्ता फार आवडायचा. आज दसरा. सकाळपासून सुभानपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये झेंडूची तोरणे, नैवेद्य आणि शस्त्रपूजा तिने एकटीने उरकली होती, आणि सासऱ्यांनी मधल्यामध्ये ठासणीचे पिस्तूल जेवणाच्या टेबलावर मांडून कालच धुतलेल्या टेबलक्लॉथची वाट लावली होती. बोलायची सोय नाही. बोललेले ऐकू गेले तर भांडण तरी होईल.

दसऱ्याला भाऊबंदांच्या तिन्ही घरांनी बडोद्याबाहेर आबांचे पुतणे फत्तेसिंहराव यांच्या शेतावर जमायचे आणि देवीच्या ओट्यासमोर एका रांगेत उभे राहून बार काढायचे, ही संस्थानच्या फौजेत असलेल्या पूर्वजांपासूनची रीत. गोळी नाही, छर्रा नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर कागदाचा बोळा गजाने ठासायचा, बाजूच्या बारक्या वाटीत चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, टाकायची आणि हात वर करून घोडा ओढायचा. गारगोटीची ठिणगी पडून रंजक पेटते आणि ती आतली दारू पेटवते. पहिला बार देवीचा, दुसरा गेलेल्यांचा. यंदा गेलेल्यांत गंगाबाई होत्या, मृदुलाच्या सासूबाई. म्हणून तर आबा आठवडाभर त्या पिस्तुलाला तेल पाजत बसले होते.

एरवी त्यांना विचारतो कोण? सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात, मोटारींच्या घरघरीत गेली. कान तिथेच गेले. फोरमन होता होता राहिले. घरात त्यांचे काम म्हणजे दूध आणणे आणि बाल्कनीतले कपडे आत घेणे. पण दसऱ्याला फेटा बांधून ते शेतावर उतरले की जो तो "काका, जरा बघा ने" करत पिस्तूल पुढे धरायचा. सगळ्यांना त्यांनीच शिकवलेले. आणि शिस्त अशी की विचारू नका. मागे थोरल्या चुलत भावाला, धनाजीरावांना, त्यांनी चारचौघांत रांगेतून बाहेर काढले होते. आपला बार झाला की नाही हे ज्याला कळत नाही त्याने भरायचे नाही, असे तोंडावर सांगितले. तेव्हापासून धनाजीराव प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात, त्यांचा अनुप रांगेत उभा राहतो आणि दोघा भावांचे बोलणे राम राम करण्यापुरते उरले आहे.

शेतावर ढोल वाजला. फत्तेसिंहराव, मध्ये आबा, पलीकडे अनुप. तिघांचे हात वर गेले आणि दणका झाला. आरतीचे ताट घेऊन मृदुला मागेच उभी होती. तिला दिसले ते असे: दोघांचे हात मागे झटकले, आबांचा जागचा हलला नाही. त्यांच्या पिस्तुलाच्या बाजूला भक्कन जाळ झाला, पण नळीच्या तोंडातून धूर आलाच नाही. रंजक पेटली होती, आतली दारू तशीच होती. आबांनी जाळ बघितला आणि समाधानाने हात खाली घेतला.

तिने रणवीरला सांगितले. त्याचे म्हणणे, धूर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि मृदुला उगाच टेन्शन घेते, आणि फाफडा गार होत होता. सगळे फाफडा-जिलबीकडे गेले. दिव्यांपासून लांब भरायचे म्हणून आबा एकटेच कडुलिंबाखाली गेले. हातातले ताट ठेवून, निऱ्या सावरत मृदुला तिथे पोचेपर्यंत त्यांनी नळीत नवी दारू ओतून वर बोळाही ठासला होता.

"आबा, थांबा. पहिला बार झालेला नाही."

"हो, छान झाला," आबा म्हणाले.

तिला रडू यायचे बाकी राहिले. हळू बोलावे तर यांना ऐकू येत नाही आणि ओरडावे तर अख्ख्या भाऊबंदकीला ऐकू जाते. शेवटी तिने त्यांच्या हातातला गज काढून घेतला आणि सरळ नळीत सोडला. भरलेल्या नळीची खूण त्या गजावर त्यांनीच कोरलेली होती. ती खूण तोंडाशी यायला हवी होती, ती चांगली चार बोटे वर राहिली. एकावर एक दोन बार. पिढ्यानपिढ्या वापरलेली ती नळी फुटली असती आणि हाताची बोटे गेली असती.

आबा गजाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मशीन काढून कानात घातले.

"तुला कसं कळलं?"

"तुमचा हात हलला नाही."

ते खाली बसले. गजाच्या टोकाचा स्क्रू फिरवून त्यांनी दोन्ही बोळे ओढून काढले, दारू मातीत सांडली आणि वर पाणी ओतले. हे सगळे बंद करा म्हणून वर्षभर घसा कोरडा करणारी मृदुला, पण आता तिला ते बघवेना.

"आता नीट भरा," ती म्हणाली. "मी बाजूला उभी राहते. बार झाला की खांद्याला हात लावते."

"नको."

"आईंचा आहे, आबा."

"धनाजीला मी काय सांगितलं होतं?"

"इथे कोणाला कळणारे?"

"मला कळलं ना."

या माणसापुढे डोके आपटावे असे तिला वाटले. आयुष्यात एकदा नियम वाकवला असता तर काय आभाळ कोसळणार होते? आबांनी दारू भरून ठेवायचे शिंग तिच्या हातात दिले. ते धनाजीरावांशेजारी जाऊन बसतील असे तिला वाटले. पण ढोल पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांनी मशीन काढून खिशात टाकले, फेटा सारखा केला आणि रिकामे पिस्तूल घेऊन ते रांगेत आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

तिन्ही हात वर गेले. दणका झाला. आबांच्या गारगोटीची नुसती ठिणगी पडली, आणि बार झाल्यावर जसा जातो तसा त्यांनी आपला हात आपणच मागे झटकला. शिंग छातीशी धरून मृदुला बघत राहिली.

धुरातून फत्तेसिंहराव आले आणि वाकून काकांच्या पाया पडले. "काका, काकूंचा बार सगळ्यांत कडक झाला हं," ते म्हणाले आणि अनुपकडे गेले.

आबांनी मृदुलाकडे पाहिले. "काय म्हणाला तो?"

ती त्यांच्या कानाशी वाकली. "म्हणाले, आईंचा बार सगळ्यांत कडक झाला."

आबांनी मान हलवली. मग कडुलिंबाखाली जाऊन त्यांनी फडके काढले आणि रिकामी नळी पुसायला घेतली. कितीतरी वेळ ते ती पुसत होते.