शेळीच्या खुरांच्या विटा

टियामिकेला नुसत्या मातीत पुरलं, त्या दिवशी अख्खं गाव मदालोच्या आईवर थुंकलं. खरोखर नव्हे, पण तेवढंच काय ते बाकी ठेवलं.

त्याचं असं झालं. ब्लांटायर शहरातली एक संस्था शाळेसाठी परदेशातून देणग्या गोळा करत होती. पत्रे, सिमेंट, गवंडी त्यांचे. विटा गावाने द्यायच्या. विटा रचून केलेली भट्टी पूर्ण दिसली तर शाळा, नाहीतर दुसऱ्या गावाचा नंबर. मग काय! कोरडे महिने सगळे बायकांनी शिरे नदीचं पाणी वाहिलं, पुरुषांनी विटा थापल्या, पोरांनी चिखल तुडवला. धाकट्या टियामिकेला एकच काम होतं: ओल्या विटांवर शेळ्या येऊ द्यायच्या नाहीत. ती बसली गाणी म्हणत आणि एक शेळी अख्ख्या रांगेवरून नाचून गेली.

"वा गं राखणदारीण!" थोरल्या बहिणीने, मदालोने तिचा कान पिळला. "शाळेच्या भिंतीवर आता शेळीची सही!"

"मग तिलाही पहिलीत घाला की," टियामिके म्हणाली. चिखलातले सगळे खो खो हसले.

विटा भाजून झाल्या, संस्थेचा साहेब भट्टी बघायला यायचा दिवस ठरला आणि त्याच आठवड्यात नदीपलीकडच्या शाळेला जाणारी होडी उलटली. मोठी पोरं पोहून काठाला लागली. टियामिके लहान होती.

इथे थडगं आतून विटांनी बांधतात, माती माणसाच्या अंगावर पडू नये म्हणून. खणणारे गडी भट्टीकडे वळले तशी आई रडणं टाकून उठली आणि आडवी उभी राहिली.

"एकही वीट काढायची नाही."

"अक्का, डोकं फिरलंय का?" मामा ओरडला. "कुत्र्यालाही असं पुरत नाहीत!"

"थोड्या विटांनी काय होतंय?" बायका म्हणाल्या.

"आज माझ्या पोरीला थोड्या, उद्या तुमच्या म्हाताऱ्याला थोड्या. भट्टी अर्धी दिसली की साहेब आल्या पावली परत. मग पुढच्या होडीत कुणाची पोर बसवायची? तुझी?"

"लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत."

टियामिकेला गुंडाळलेल्या चटईवर पहिलं ढेकूळ पडल्याचा आवाज मदालोने ऐकला. त्यानंतर ती आईशी बोललीच नाही. मक्याच्या पिठाचा नसिमा रांधायची, आईचं ताट पुढे सरकवायची आणि तोंड फिरवायची.

काम्वेंडो साहेब आला. भट्टीभोवती फिरला, विटांवर थाप मारली. "शाबास! पूर्ण आहे." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "पण यंदा देणग्या कमी पडल्या हो. पुढच्या वर्षी बघू."

"तुम्ही भट्टी मागितलीत, आम्ही दिली," मुखियाबाई म्हणाली.

"माझ्या हातात असतं तर आज पाया खणला असता, आजी. पण तिकडच्या लोकांच्या काळजाला काहीतरी भिडावं लागतं."

"पोर बुडाली आमची!" मामाच्या तोंडून निघून गेलं. "शाळेला जाताना बुडाली. आणखी काय भिडायचं राहिलं?"

साहेबाने वही मिटली. "फोटो आहे तिचा?"

"नाही."

"मग थडगं दाखवा."

मातीचा एवढासा ढिगारा. साहेब उकिडवा बसला, कॅमेरा लावला. "हे असंच राहू द्या बरं का. विटा-बिटा नकोत. असं पाहिलं की लोकांचा हात सैल होतो. ताई, तुम्ही शेजारी बसा. मान जरा खाली."

मदालोने दगड उचलला. आईने तिच्याकडे पाहिलं, नकारार्थी मान हलवली आणि ढिगाऱ्याशेजारी जाऊन बसली. सांगितली तशी मान खाली घातली.

गाडीचा धुरळा खाली बसायच्या आत आई घमेलं घेऊन भट्टीकडे निघाली. मदालो मागे धावली.

"आता कशाला?" किती दिवसांनी ती बोलली होती.

"त्याला हवा तो फोटो निघाला ना."

आई एकेक वीट उलटून बघत होती, चांगली निघाली की परत जागेवर ठेवत होती. खुरांचे ठसे उमटलेल्या तेवढ्याच घमेल्यात टाकत होती.

"या विटा तशाही शाळेच्या भिंतीला चालायच्या नाहीत," ती म्हणाली.

मदालोने चुंबळ वळली आणि घमेलं डोक्यावर घ्यायला खाली वाकली.